पुढचं उद्या

आमच्या आठवी ‘ब’च्या हिशेबानं पंडित नेहरू अजून नगरच्या किल्ल्यातच आहेत. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना आत घातलं, दार लावलं आणि तेवढ्यात तास संपल्याची बेल झाली. दुसऱ्या दिवसापासून सरांना निवडणुकीच्या कामाला जुंपलं. मग वार्षिक परीक्षा, मग उन्हाळ्याची सुट्टी. नववीत गेलो तर पुस्तकच बदललेलं. देश पंधरा ऑगस्टला स्वतंत्र झाला हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते झेंडावंदनाच्या लिमलेटच्या गोळ्यांमुळे. इतिहासाच्या तासाला आम्ही पारतंत्र्यातच राहिलो.

सरांना हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर वेगळं नाव होतं. पण शाळेत, गावात, एवढंच काय पोस्टमनच्या तोंडीही ते ‘प्रस्तावना सर’ होते.

आमची शाळा प्रवरेच्या कालव्यावरच्या एका गावात. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता आणि त्या रस्त्यावरून कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या बैलगाड्या. चालत्या गाडीतून मागच्या मागे ऊस ओढणं हा आमचा पहिल्या क्रमांकाचा आवडता विषय होता. दुसऱ्या क्रमांकावर इतिहास होता, आणि तो केवळ सरांमुळे. उंची बेताची. फिकट शर्ट, खिशाला एक लाल आणि एक निळं पेन. विजारीच्या डाव्या पायाला सायकलची क्लिप, ती वर्गातही काढायची राहून जायची, त्यामुळे सर नेहमी आत्ताच आले आहेत किंवा आत्ताच निघाले आहेत असे दिसायचे. आणि सायकलच्या हँडलला पिशवी. जुन्या विजारीची शिवलेली, दोन खिसे अजून जिथल्या तिथे असलेली.

सगळा इतिहास त्या पिशवीत होता. सर फाटकातून आत शिरले की आम्ही खिडकीतून पिशवीचा आकार बघायचो आणि पैजा लावायचो. लांबट असली तर लढाई, गोल असली तर शोधबोध, चपटी असली तर तह. एक-दोनदा तिच्यातून नुसती मेथीची जुडी निघाली. ती घरची होती, पण सरांनी तीही वाया घालवली नाही. मेथीच्या भावावरून त्यांनी शेतसारा सुरू केला.

सुरू केला, म्हणजे सुरूच केला. सरांचा एकही तास सुरुवातीच्या पुढे गेला नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं हजेरी, एकोणतीस मिनिटं प्रस्तावना. उरलेल्या एका मिनिटात सर टेबलाला टेकून उभे राहायचे, खडू बोटांत फिरवायचे आणि म्हणायचे, “तर मुलांनो, आज आपण...” आणि बेल. शिपाईमामांचा आणि सरांचा काही करार होता की काय, देव जाणे. सर खडू खाली ठेवून म्हणायचे, “पुढचं उद्या.” उद्या नवी पिशवी असायची.

‘आज आपण’च्या पुढे काय असतं, ते आम्हाला बी.एड.च्या पोरांकडून कळलं. दर हिवाळ्यात तालुक्याच्या गावाहून छात्राध्यापक सरावपाठाला यायचे. गुंडाळलेले तक्ते, नवे बूट आणि घामेजलेले तळहात. बी.एड.ला हर्बार्टची पंचपदी शिकवतात. हा हर्बार्ट जर्मन तत्त्वज्ञ. तो १८४१ साली वारला. मागे त्याच्या शिष्यांनी त्याच्या विचारांच्या पायऱ्या बांधल्या, आणि त्या पायऱ्या चढत-उतरत आमच्याकडे आल्या त्या टाचणवहीत बसल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, गृहपाठ. प्रस्तावना म्हणजे मुलांना जे ठाऊक आहे त्याचा हात धरून, जे ठाऊक नाही तिथवर नेणं. कल्पना सोन्यासारखी. पण छात्राध्यापकाच्या हातात ती पडली की असं व्हायचं:

“मुलांनो, रात्री आकाशात काय दिसतं?”

“चांदण्या.”

“आणखी काय?”

“विमान.”

“आणखी?”

“चंद्र.”

“शाबास! चंद्राला हिंदीत काय म्हणतात?”

“चाँद.”

“छान! आणि बायकोला हिंदीत काय म्हणतात?”

इथे वर्गात खसखस. मागून एकजण म्हणाला, “औरत.” दुसरा म्हणाला, “घरवाली.” छात्राध्यापकाच्या कपाळावर घाम. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीला दया आली आणि ती म्हणाली, “बीवी.”

“बरोब्बर! तर आज आपण चांदबिबी हा पाठ अभ्यासणार आहोत.”

मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी कपाळाला हात लावला. शिक्षकांच्या खोलीत ते त्या बिचाऱ्याला म्हणाले, “अहो, चांदबिबीला तुम्ही आभाळातून कशाला आणलीत? ती इथे नगरच्या तटावर उभी होती. एसटीनं दोन तास.” मग त्यांनी त्याला चहा पाजला आणि आपलं एकमेव शैक्षणिक तत्त्व सांगितलं: “पोरांच्या मनाचं दार वाजवत बसू नका. शनिशिंगणापूर समजा. दारच नाही. सरळ आत शिरा.”

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः चांदबिबी घेतली. पिशवी पार रिकामी होती, त्यामुळे सगळ्यांच्याच पैजा हुकल्या. सर आले, एक शब्द न बोलता टेबलावर पिशवी उलटी केली, झटकली, तिचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. मग हळू आवाजात म्हणाले, “तोफगोळे संपले.”

वर्ग गप्प.

“१५९५ साल संपत आलंय. बाहेर शहाजादा मुराद, अकबराचा पोरगा. सुरुंग लावून त्यानं तट पाडलाय. आत एक बाई. तोफा आहेत, दारू आहे, गोळे नाहीत. बोला, तोफेत काय घालता?”

“दगड!”

“तोफ फुटेल.”

“खडू!” “डस्टर!” “भूमितीचं पुस्तक!” हा शेवटचा पर्याय आवाजी मतदानानं मंजूर झाला. मग सरांनी सांगितलं की, लोक सांगतात ते असं: बाईनं आधी तांब्याची नाणी घातली, मग चांदीची, मग सोन्याची. पडलेलं खिंडार तिनं रातोरात बुजवून घेतलं. मुरादला तह करावा लागला, पण वऱ्हाड त्याला द्यावं लागलं. “आणि चारच वर्षांनी, १६०० साली, तिला मारलं कोणी?” आम्ही एका सुरात ओरडलो, “मोगलांनी!” सर नुसते मान हलवत राहिले. “तर मुलांनो, आज आपण...”

बेल.

त्या संध्याकाळी आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी गाईड उघडलं. परीक्षा दोन महिने लांब होती. तिला कोणी मारलं एवढंच बघायचं होतं. तिच्याच माणसांनी. मोगलांशी बोलणी करते म्हणून फितूर समजून. माझा बाकावरचा जोडीदार दुसऱ्या दिवशी शाळेत आला तो रागानं लाल होऊन, जणू खून त्याच्याच गल्लीत झाला होता.

सरांचा सिद्धांत असा की, जगातली प्रत्येक गोष्ट एक तर नगर जिल्ह्यात सुरू झाली, नाही तर इथे येऊन संपली. औरंगजेब दिल्लीहून निघाला तो कुठे संपला? भिंगारला, ३ मार्च १७०७. विजापूरची मुलूखमैदान तोफ कुठे ओतली? नगरात, १५४९ साली. अहिल्याबाई इंदूरच्या म्हणता, जन्मल्या कुठे? चौंडीला, जामखेड तालुक्यात. (तिच्याच नावानं आता जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तेव्हा सरांनी म्हणे पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला निजामशाहीची प्रस्तावनाही ऐकवली.) फ्रेंच राज्यक्रांतीला तरी या माणसाला जिल्ह्यातून वाट सापडणार नाही अशी गणिताच्या सरांनी पैज लावली होती. सर वर्गात आले आणि म्हणाले, “११ मार्च १७९५. खर्ड्याची लढाई. एका बाजूला निजाम, दुसऱ्या बाजूला मराठे. निजामाच्या कवायती पलटणींचा मुख्य कोण? रेमाँ. शिंद्यांच्या पलटणी कुणाच्या हाताखाली? पेरों. दोघंही फ्रेंच. आता मला सांगा, घरात एवढी आग लागलेली असताना हे दोघं जामखेडात काय करत होते?”

“दुष्काळी कामावर आले असतील,” मागून उत्तर आलं. जामखेडकडची बरीच माणसं आमच्याकडे ऊसतोडीला यायची, त्यामुळे त्या तालुक्यात कुणी आपणहून जातं हेच आम्हाला पटत नव्हतं. सर मात्र खूश. “पोटासाठी आले, बरोबर! मग फ्रान्समध्ये पोटाचं काय झालं होतं? तर मुलांनो, आज आपण...”

गणिताचे सर पैज हरले. फ्रान्सचा राजा मात्र आमच्या वर्गात वाचला. त्याच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही.

या पद्धतीचे दुष्परिणामही होते. एकदा पिशवी इतकी जड होती की सायकल एका बाजूला कलली होती. आतून निघालं बाभळीचं बुंधं, मुळांसकट, माती झडत असलेलं. सरांनी ते टेबलावर ठेवलं. “याच्या खाली काय असेल?”

“हुमणी!” अख्खा वर्ग ओरडला. उसाच्या मुळाशी दुसरं काय असतं?

“वाळवी.” “नाग.” “मोटारीचा पाइप.”

मग सरांनी दायमाबाद काढलं. आमच्यापासून सायकलवर जाता येण्याजोगं, प्रवरेकाठचं. १९७४ साली छबू भिल नावाचा माणूस तिथे झाडाची मुळं खणत होता, आणि मुळाखालून निघाला रथ. दोन बैल जोडलेला, आत उभा माणूस. शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळे ब्राँझचे, हजारो वर्षांपूर्वीचे, मिळून साठ किलोंच्या वर. “गेंडा!” सर म्हणाले. “पोरांनो, आपल्या प्रवरेकाठी कुणाला तरी गेंडा ठाऊक होता. कसा काय? तर आज आपण...”

त्या आठवड्यात गावातला एकही बांध शाबूत राहिला नाही. पोरं शाळा सुटली की कुदळी घेऊन निघायची. सापडलं ते असं: नांगराच्या फाळाचा तुकडा, फुटकी बरणी, कुणीतरी पुरून ठेवलेली आणि मग विसरलेली दारूची बाटली. आणि दोन सख्ख्या भावांच्या शेतामधला खुणेचा दगड. तो निघाला आणि परत बसला तो दोन हात पलीकडे. सहा वर्षं गोडीत नांदणारी भावकी तलाठ्याच्या दारात उभी राहिली. थोरला शाळेत आला, पटका सावरत म्हणाला, “सर, तुमच्या त्या गेंड्यापायी आमची मोजणी निघाली. आता बोला.”

सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि डोळे चमकवत विचारलं, “दगडाखाली काय होतं?”

“कोळसं हुतं,” तो म्हणाला. “खुणंला घालत्यात की. माझ्या आज्यानं घातल्यालं.” आणि मग अर्धा तास तो आज्या, पणजा, वाटणी आणि चिंचेच्या झाडाचा हिस्सा सांगत बसला. भांडायला आला होता हे विसरून चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी सर एका पुडीत कोळसा घेऊन वर्गात आले. वतनांची भांडणं त्या कोळशापासून सुरू झाली.

पी.टी.च्या सरांशी मात्र त्यांचं कायमचं वाकडं आलं ते पेडगावच्या किल्ल्यावरून. श्रीगोंदा तालुक्यातला, भीमेकाठचा हा बहादूरगड. बहादूरखानाची तिथे छावणी. असं सांगतात की शिवाजी महाराजांच्या फौजेचे दोन हजार स्वार छावणीच्या अंगावर गेले आणि पळत सुटले. खान सगळी फौज घेऊन त्यांच्यामागे लागला. तेवढ्यात मागून सात हजार आले आणि मोकळी छावणी लुटून गेले. वही-पेन घेऊन हे सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण सरांनी आमच्यातल्या चार पळपुट्या पोरांना बाजूला घेतलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि ती पोरं मैदानावर जाऊन पी.टी.च्या सरांना बघून दात दाखवायला लागली. सर शिट्टी फुंकत त्यांच्यामागे कालव्याच्या पुलापर्यंत धावले. परत आले तेव्हा क्रीडा साहित्याच्या खोलीत एकही चेंडू नव्हता. दोन बॅटी, लेझीम आणि गोळाफेकीचा गोळाही आठवी ‘ब’त, शिस्तीत बाकावर मांडलेले.

“खान कसा फसला?” प्रस्तावना सर विचारत होते.

दारात उभ्या खानाला धाप लागली होती. “मी... हेडसरांना... सांगतो,” खान म्हणाला.

हेडसर बापडे काय करणार? त्यांनी बोलावून घेतलं, पेडगावची हकीगत विचारली आणि ऐकता ऐकता त्यांचाही पुढचा तास बुडाला.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची चेष्टा चालायची. गणिताचे सर म्हणाले, “तुमच्या वर्गात म्हणे अठराशे सत्तावन मार्चमध्ये आलं. जानेवारीत यायला पाहिजे होतं.” सर शांतपणे म्हणाले, “मंगल पांडेनं गोळी झाडली ती २९ मार्चलाच. आम्ही वेळेवर आहोत.”

पण वेळेवर नव्हते हे त्यांच्या टाचणवहीत दिसायचं. एकदा आमचा वर्गनायक ती ऑफिसात पोचवायला निघाला तेव्हा आम्ही वाटेत उघडून बघितली. ‘प्रस्तावना’ या रकान्यात बारीक अक्षरात भरगच्च मजकूर, तो रकान्यात मावेना म्हणून समासात, समासात मावेना म्हणून चिकटवलेल्या जादा कागदांवर. ‘विवेचन’ या रकान्यात दोनच शब्द: ‘वरीलप्रमाणे करणे.’

शाळा तपासणीला साहेब आले तेव्हा साऱ्या शाळेला वाटलं, आता सरांचं काही खरं नाही. साहेब मागच्या बाकावर बसले, गुडघे बाकात मावेनात. सरांनी पिशवीतून हाताच्या तळव्याएवढं एक खापर काढलं. लालसर, वर काळ्या रेघांची नक्षी. ते कुणाला न देता थेट मागच्या बाकावर गेले आणि साहेबांच्या हातात दिलं. “साहेब, आपण संगमनेरकडचे ना? हे बघून काही आठवतं?”

साहेबांनी खापर उलटं-पालटं केलं. “आमच्याकडे शेतात निघतात असली.”

“जोर्वे गाव आपल्याकडेच?”

“चार कोसांवर.”

“साहेब, असली भांडी महाराष्ट्रात जिथे जिथे सापडतात, तिथे तिथे त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. आपल्या गावाशेजारच्या गावाचं नाव. तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस यातून पाणी प्यायचा. या भांड्यांना तोटी असायची, चहाच्या किटलीसारखी. आता मला सांगा, चहा नव्हता, मग तोटी कशाला?”

साहेब विचारात पडले. तपासणीचा कागद त्यांच्या गुडघ्यावरून घसरून खाली पडला, त्यांनी उचलला नाही. “दूध ओतायला?” ते म्हणाले. “का... देवाला धार धरायला?” मुलींच्या बाजूनं हात वर झाले. साहेबांनी दोघींना बोलायला लावलं, एकीला खोडून काढलं, स्वतःलाही खोडून काढलं.

“तर मुलांनो,” सर म्हणाले, “आणि साहेब... आज आपण...”

बेल.

साहेब बाकातून अर्धवट उठले. “अहो, मग तोटी कशाला?”

“पुढचं उद्या, साहेब.”

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: ‘प्रस्तावना उत्कृष्ट. पाठ पाहण्याचा योग आला नाही.’ ते खापर खरंच तीन हजार वर्षांपूर्वीचं होतं की कुंभारवाड्यातून आदल्या दिवशी आणलेलं, हा प्रश्न आम्हीही कधी विचारला नाही. काही गोष्टींच्या मुळाशी जायचं नसतं, तिथे हुमणी असते.

सहलीचंही तसंच. नगरच्या पूर्वेच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे, सगळ्या शाळांची सहल तिथे जाते. आम्हीही गेलो, वर चढलो, डबे खाल्ले, वारा खाल्ला. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी विचारलं, “काल कुठे गेलो होतो?”

“चांदबिबीच्या महालात!”

“तो महाल नाही. आणि चांदबिबीचाही नाही.”

सरांनी सांगितलं की ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा वजीर होता तो. वर्गात शांतता पसरली. मग एका मुलीनं कापऱ्या आवाजात विचारलं, “सर, म्हणजे आपण दशम्या कबरीपाशी खाल्ल्या?” त्या संध्याकाळी गावात बऱ्याच घरी मीठ-मोहऱ्यांची दृष्ट काढली गेली. पण सलाबतखानाचं नाव मात्र आजतागायत कुणी विसरलं नाही.

सर घरीही असेच होते. त्यांच्या घराला कंपाउंडचं फाटक होतं. दोन भक्कम दगडी खांब, वर कमान, कमानीत दिवा. कंपाउंड नव्हतं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान, शेळ्या इकडून तिकडे जायच्या. माणसं मात्र फाटकातूनच आत शिरायची, इतकं ते ऐटदार होतं. काकू पाहुण्यांना सांगायच्या, “आमच्याकडे आधी प्रस्तावना बांधलीय.” सर जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसले होते. त्याचं पहिलं प्रकरण त्यांनी अकरा वेळा लिहिलं. दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून: एकदा नेवाशाच्या खांबापासून, एकदा हरिश्चंद्रगडापासून, एकदा मलिक अहमदपासून. अकराही सुरुवाती मी पुढे वाचल्या. एकाहून एक. दुसरं प्रकरण नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आठवीचा शेवटचा तास. त्या दिवशी पिशवी चपटी होती, म्हणजे तह. पण आतून निघाल्या बारा चिठ्ठ्या. सरांनी त्या वर्गात फिरवल्या. ज्याला मिळेल त्यानं उठून कपाटाजवळच्या कोपऱ्यात उभं राहायचं. मग सरांनी खडूनं जमिनीवर रेघ ओढली आणि हजेरी घ्यायला लागले.

“मौलाना अबुल कलाम आझाद?”

वर्गातलं सगळ्यांत बुटकं पोरगं म्हणालं, “हजर सर.”

“वल्लभभाई पटेल?”

“हजर सर.” ही मुलींतली सर्वांत उंच मुलगी. तिचा आवाजही त्याच पट्टीतला.

“जवाहरलाल नेहरू?” माझा जोडीदार छाती काढून पुढे. गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष. सगळे हजर.

“हरेकृष्ण महताब?”

तो मी. हा माणूस कोण हे मला ठाऊक नव्हतं. नेहरूच्या चिठ्ठीच्या बदल्यात जोडीदाराला मी दोन कैऱ्या देऊ केल्या. त्यानं नाकारल्या.

“आता तुम्ही नगरच्या किल्ल्यात आहात,” सर रेघेबाहेर उभे राहून म्हणाले. “बाहेर देश पेटलाय. तुम्हाला काही करता येत नाही. कधी सुटाल, कुणी सांगितलेलं नाही. बोला, काय कराल?”

“झोपीन,” नेहरू म्हणाले.

“भांडीन,” पटेल म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांनी कृपलानींना कोपर मारलं.

“अरे, खरे नेहरू काय करत होते? बाग करत होते. आपल्या नगरच्या मातीत. आणि १९४४ च्या एप्रिलपासून पाच महिन्यांत एक अख्खा ग्रंथ लिहून काढला, भारताचा शोध घेणारा. कोंडलेला माणूस शोध घेतो! मौलाना काय करत होते? पहाटे उठून स्वतःच्या हातानं चहा करत होते आणि मित्राला पत्रं लिहीत होते. जी टाकायला पेटीच नव्हती. आता मला सांगा, जे पत्र पोचणारच नाही ते माणूस लिहितो कशाला?”

मौलानांनी डोकं खाजवलं. आम्ही बाराजण दाटीवाटीनं उभे होतो. कपाटाची कडी पाठीत टोचत होती, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, रेघ खडूची आहे पण ओलांडता येत नाही.

“तर मुलांनो, आज आपण...”

बेल. पोरं दप्तरं घेऊन दाराकडे धावली. आम्ही बाराजण तसेच. पटेलनं विचारलं, “सर, आम्ही सुटलो का?”

सर सायकलची क्लिप चाचपत म्हणाले, “नाही.” आणि गेले.

त्याला आता चौतीस-पस्तीस वर्षं झाली. पटेल सध्या बाजार समितीत अडत्या आहेत आणि अजूनही कोपर मारतात. नेहरूंचं ट्रॅक्टरचं दुकान आहे. मौलाना दुबईत. आम्ही भेटलो की याच नावांनी हाका मारतो.

गेल्या पावसाळ्यात मुलीला घेऊन नगरच्या किल्ल्यात गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात, ओळखपत्र दाखवून आत शिरलो. त्या खोल्या बघितल्या. मुलगी फोटो काढत होती. मी मात्र उगाच कपाट शोधत होतो. परत येताना तारखा चाळल्या आणि वाटलं, सरांना कळवलंच पाहिजे. नंबर होता. सर आता ऐंशीच्या पुढे.

“सर,” मी नावही न सांगता म्हणालो, “नेहरू सुटले.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तोच आवाज, जरा पातळ झालेला. “कोण? महताब का?”

माझ्या घशाशी काहीतरी आलं. सरांना मात्र तिथे थांबायला वेळ नव्हता. “सुटले कुठले? २८ मार्च १९४५ ला नगरहून हलवले नुसते. सुटले ते १५ जूनला, अल्मोड्याच्या तुरुंगातून. पोरांनो, तुम्ही नीट वाचत नाही.”

“सर, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगणारच होतो. बेल झाली.” मग त्यांच्या आवाजात ती जुनी चमक आली. “बरं, तू महताब. मला सांग, अडीच वर्षं त्या खोलीत बसून तू काय लिहीत होतास?”

“मी? मला काय माहीत, सर?”

“ओडिशाचा माणूस. चारी बाजूंना आपला नगरी वारा, आणि हा बसून लिहितोय. काय लिहीत असेल? तर आज आपण...”

फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. टिंग-टाँग. काकू आतून काहीतरी म्हणाल्या.

“बेल वाजली रे. दूधवाला असेल. पुढचं उद्या.”

महताब किल्ल्यात काय लिहीत होते ते मी त्याच रात्री शोधून काढलं, आणि ते तुम्हाला सांगणारच होतो. पण संपादकांनी दिलेली पानं संपली.